रिकामा रकाना

महापालिकेच्या समित्यांवर बिनपगारी काम करायला येणाऱ्या माणसांबद्दल माझं मत चांगलं नव्हतं. नोकरीतली बरीच वर्षं नव्हतं. कार्यालयात आम्ही त्यांना 'हौशी मंडळी' म्हणायचो, आणि त्यांच्या कानावर गेलं तरी बिघडत नाही अशा आवाजात म्हणायचो. उद्यान विभागात मी लिपिक म्हणून लागलो आणि तिथूनच अधीक्षक होऊन निवृत्त झालो. शहराचं नाव लिहीत नाही. वृक्ष प्राधिकरणाच्या सभेची विषयपत्रिका काढायची, ती सदस्यांना पोचवायची आणि सभा झाली की इतिवृत्त लिहायचं, हे काम वर्षानुवर्षं माझ्याकडे होतं.

वृक्ष प्राधिकरण म्हणजे १९७५ च्या झाडांच्या संरक्षणाच्या कायद्याने प्रत्येक महापालिकेत आलेली समिती. आयुक्त अध्यक्ष, काही नगरसेवक, आणि जोडीला झाडांची जाण असलेले, संस्थांमधून घेतलेले सदस्य. शहरात झाड तोडायचं, हलवायचं तर प्रस्ताव या सभेपुढे येतो. पंचेचाळीस दिवसांत एक तरी सभा व्हावी आणि दर पाच वर्षांनी वृक्षगणना व्हावी, असं कायदा सांगतो. बाहेरून आलेल्या त्या सदस्यांना आमच्याकडे चहाबिस्किटांपलीकडे काही मिळत नसे.

अशी माणसं झाडांपुरतीच नाहीत. प्रभाग समितीवर स्वयंसेवी संस्थांचे तिघांपर्यंत सदस्य घेता येतात. पथविक्रेत्यांच्या २०१४ च्या कायद्याने नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के जागा खुद्द विक्रेत्यांना दिल्या, त्याही निवडणुकीने. जैवविविधता समिती आहे, मोठ्या शहरांत वारसा समिती आहे. शहराला सल्ला द्यायला बसवलेल्या माणसांची कागदावर टंचाई नाही.

तर माझं मत. मला वाटायचं, हे लोक व्हिजिटिंग कार्डासाठी येतात. अगदीच हवेतलं नव्हतं ते. एका सदस्यांनी नेमणूक झाल्याच्या आठवड्यात गाडीवर पाटी लावली होती. दुसरे एक जण स्वतःच्या सोसायटीतल्या अशोकाच्या फांद्या छाटून मिळेपर्यंत नियमित आले, नंतर आले नाहीत. काही जण वृक्षारोपणाच्या फोटोत असत आणि सभेत नसत. अशी चार माणसं पाहिली की उरलेल्यांबद्दल विचार करायचे कष्ट वाचतात. मी ते वाचवले.

शिवाय ते सगळे रिकामटेकडे आहेत, असं मी म्हणायचो. निवृत्त प्राध्यापक, निवृत्त बँकवाले, मुलं परदेशी असलेली जोडपी. यांना वेळ जात नाही म्हणून आमचा खातात. हे म्हणताना एक साधी गोष्ट कधी डोक्यात आली नाही. सभा आम्ही कामाच्या दिवशी दुपारी तीनला लावायचो. तीनला कोण येणार? रोपवाटिकेत काम करणारा माळी येणार नाही, शाळेतली शिक्षिका येणार नाही, वस्तीतल्या एकुलत्या एक पिंपळाखाली टपरी लावणारा तर नाहीच नाही. वेळ आम्हीच अशी निवडायची की निवृत्तांखेरीज कुणाला जमू नये, आणि मग ते निवृत्त आहेत म्हणून हसायचं.

त्यांना वाटेला लावण्याची आमची एक पद्धत होती. कुणी शिकवली नव्हती. आधीच्या लिपिकाकडून टेबलाबरोबर माझ्याकडे आली. विषयपत्रिका सभेच्या आदल्या संध्याकाळी पोचवायची. सोबतची परिशिष्टं इतकी जाड की रात्रीत कुणी वाचून होऊ नयेत. ज्या प्रस्तावावर खरोखर वाद होईल तो 'आयत्या वेळचे विषय' या सदरात टाकायचा, म्हणजे तो कुणी पाहिलेलाच नसतो. सभेत कुणी बोलायला लागलं की त्यांना बोलू द्यायचं. बोलून माणूस मोकळा होतो. मग इतिवृत्तात एकच वाक्य: सविस्तर चर्चा होऊन विषय मंजूर करण्यात आला. यात बेकायदा काही नव्हतं. मला तर ती माझी कार्यक्षमता वाटायची. वरिष्ठ म्हणायचे, याच्या सभा वेळेत संपतात.

मग माहितीच्या अधिकारात एक अर्ज आला.

अर्जदाराचं नाव ओळखीचं नव्हतं. सदस्यांपैकी कुणी नव्हता, पत्रकारही नसावा. मागणी अगदी सरळ होती: गेल्या काही वर्षांत प्राधिकरणाच्या अशासकीय सदस्यांनी कोणत्या सूचना केल्या आणि प्रत्येक सूचनेवर काय कार्यवाही झाली, सभेनुसार द्यावं. तीस दिवसांची मुदत. साहेबांनी अर्जावर माझं नाव टाकून तो खाली पाठवला.

मी एक तक्ता आखला. डावीकडे 'सूचना', उजवीकडे 'कार्यवाही'. उजवा रकाना रिकामा राहणार, हे मला ठाऊक होतं. त्याची तयारीही होती. तिथे 'कार्यवाही सुरू आहे', 'संबंधित विभागास कळविले आहे' असं काहीबाही भरता येतं. आम्ही सगळेच भरत आलो आहोत. मी इतिवृत्ताच्या फायली काढल्या आणि पहिल्या सभेपासून डावा रकाना भरायला बसलो.

डावा रकानाच भरेना.

सभेमागून सभा उलटत गेलो. विषय क्रमांक, ठराव क्रमांक, सूचक, अनुमोदक, सविस्तर चर्चा, मंजूर. एकाही पानावर कुणी काय सुचवलं ते नव्हतं. मी त्या सभांना हजर होतो. लोक तासतासभर बोलले होते, कधी आवाज चढवून बोलले होते, एकदा एक गृहस्थ कागद आपटून उठून गेले होते. इतिवृत्तात ते उठून गेल्याचंही नव्हतं. पानापानाखाली माझी लहान सही होती.

साहेबांकडे गेलो. ते म्हणाले, त्यात काय, लिहा: मागितलेली माहिती अभिलेखात उपलब्ध नाही. हे उत्तर कायद्यात पूर्ण बसत होतं, आणि ते खरं होतं. खोटं लिहायला मी कचरलो नसतो, इतका काळ टेबलावर काढल्यावर ती लाज राहत नाही. मला अडकवलं ते त्या उत्तराच्या खरेपणाने. उपलब्ध नाही, कारण ती मी उपलब्ध होऊ दिली नव्हती. इतकी वर्षं मी समजत होतो की या मंडळींचा सल्ला वरचे लोक ऐकत नाहीत. आयुक्तांना फुरसत नाही, ठेकेदारांना नको असतो, नगरसेवकांची गणितं वेगळी. तो वरपर्यंत पोचतच नव्हता. माझ्या टेबलावर संपत होता. कनिष्ठ अभियंत्याला सहज विचारलं, रस्त्याकडेच्या झाडांबद्दल सदस्यांनी काही सांगितलेलं तुझ्यापर्यंत कधी आलं का? तो म्हणाला, "कोणते सदस्य?"

मग मला आठवलं, काही जण पत्रंही द्यायचे. आवक नोंदवही काढली. पत्रं आलेली होती, शिक्के होते, पुढे सगळ्यांचा मुक्काम एकच: 'संकीर्ण' नावाची नस्ती. ज्या कागदाचं काय करायचं ते कळत नाही, तो कागद तिथे जातो. ती नस्ती मी घरी नेली. नेऊ नये, पण नेली.

त्यातली निम्म्याहून जास्त पत्रं एकाच हस्ताक्षरातली होती. वनस्पतिशास्त्राच्या एक निवृत्त प्राध्यापिका, आमच्या हौशी मंडळींतल्या पहिल्या क्रमांकाच्या. सभेत त्या बोलायला लागल्या की मी घड्याळाकडे बघायचो. पत्रं मात्र आटोपशीर होती. अमुक रस्त्यावरच्या कडुनिंबांच्या बुंध्याला सिमेंट भिडलं आहे, भोवती मीटरभर माती मोकळी ठेवा. पुढे २०१३ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने दिल्लीतल्या झाडांबाबत आदेश दिला तो नेमका हाच होता, मीटरभर जागा मोकळी करा. बाईंचं पत्र त्याच्या आधीचं. विजेच्या तारांखाली पर्जन्यवृक्ष लावू नका, वाढला की तोडावाच लागेल, तिथे ताम्हण लावा. नव्या रोपांचे खड्डे राडारोड्यात घेतले आहेत, एक पावसाळा झाला की ती जातील. आणि एक तक्रार तर दर वर्षीच्या पत्रात होती: पुनर्रोपणाची मोठी झाडं ऐन एप्रिल-मेमध्ये का हलवता? मुळं तोडलेलं झाड त्या उन्हात कसं जगेल? पावसाच्या तोंडावर हलवा. खाली हलवलेल्या झाडांची यादी, कुठलं वाळलं, कुठलं धरलं, स्वतः फिरून केलेली.

या प्रश्नाचं उत्तर मला माहीत होतं. अगदी तोंडपाठ. वर्षाचा निधी मार्चअखेर संपवायचा असतो, म्हणून कार्यादेश मार्चच्या शेवटच्या आठवड्यात निघतात, म्हणून ठेकेदार एप्रिलमध्ये खोदायला लागतो. झाडाचा ऋतू आणि लेखा विभागाचा ऋतू यांची गाठ पडत नाही. निविदा दिवाळीआधी काढली आणि कामाची मुदत पावसाळ्यात धरली, तर प्रश्न सुटतो. त्यासाठी फक्त एक टिपणी लिहावी लागते आणि अशा टिपण्या लिहिणं हेच माझं काम होतं. झाडं का मरतात ते बाईंना माहीत होतं. ती एप्रिलमध्येच का हलतात ते मला माहीत होतं. आम्ही दोघं एकाच खोलीत, एकाच टेबलाला बसायचो. दोन अर्धवट माहित्या एकत्र याव्यात म्हणून तर ती सभा होती, आणि त्या एकत्र येऊ नयेत याची व्यवस्था मी मोठ्या शिस्तीने करत होतो. किती झाडं त्यात गेली, हा हिशोब मी त्या रात्री करायला घेतला आणि अर्ध्यावर सोडला. धीर झाला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांना फोन केला. कारण सांगितलं की पत्रांची खातरजमा करायची आहे. त्या कार्यालयात आल्या, तक्ता पाहिला, रिकामा डावा रकाना पाहिला. मी तयार होतो की त्या चिडतील. त्या म्हणाल्या, "भाऊसाहेब, तुम्ही नाही म्हणालात तरी चालेल हो. पण का नाही, ते तरी आम्हाला कळू दे. मी दर वर्षी तेच लिहिते, कारण मला वाटतं मागच्या वर्षी मी नीट समजावून सांगितलं नसेल."

हे वाक्य मी पुष्कळदा आठवतो. मला वाटत होतं त्या हटवादी आहेत, एकच तुणतुणं वाजवतात. आणि त्या बाई आपल्या समजावण्यात काय कमी पडलं ते शोधत होत्या. मी मार्चअखेरचं गणित सांगितलं. पाच मिनिटंही लागली नाहीत. त्या वहीत लिहून घेत म्हणाल्या, "एवढंच होतं होय?" त्यात टोमणा नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

अर्जाला उत्तर गेलं. डाव्या रकान्यात पत्रांवरून जेवढं उतरवता आलं तेवढं उतरवलं, उजव्यात 'अद्याप कार्यवाही नाही' असं लिहिलं. साहेबांनी सही करताना माझ्याकडे बराच वेळ पाहिलं.

त्यानंतर मी इतिवृत्ताचा साचा बदलला. शौर्याचं काम नव्हतं. त्यासाठी कुणाची मंजुरीही लागली नाही, यावरूनच कळावं की ते आधी करता आलं असतं. प्रत्येक सूचनेला क्रमांक, सदस्याचं नाव, कोणत्या अधिकाऱ्याकडे गेली, उत्तर काय, आणि नाकारली असेल तर कारण. पुढच्या सभेचा पहिला विषय मागच्या सूचनांवरच्या कार्यवाहीचा. विषयपत्रिका आठवडाभर आधी. जिथे मोठी झाडं जाणार असतील तिथे सभेआधी स्थळपाहणी, जमल्यास रविवारी सकाळी.

साहेबांची हरकत होती आणि ती चुकीची नव्हती. "उद्या कोर्टात हाच कागद आपल्यावर लावतील." लावतीलही. सल्ला लिहून ठेवला की तो का मानला नाही हे सांगावं लागतं, आणि आमच्यासारख्यांना भीती असते ती नेमकी याचीच. आम्ही सल्ल्याला विरोध करत नाही, आम्ही पुराव्याला घाबरतो. माझी स्वतःची ही भीती पूर्ण गेली असं म्हणणार नाही. निवृत्तीपर्यंत सही करताना हात जरा थबकायचाच.

बदल काय झाला? थोडा. निम्म्याहून जास्त सूचना नाकारल्याच गेल्या. रस्तारुंदीत जाणारी झाडं गेली. पण आरडाओरडा कमी झाला, कारण नकार कारणासह हातात मिळायला लागला, आणि कारण कळल्यावर सदस्य सूचना बदलून आणायला लागले. मार्चमध्ये केलेली मागणी वर्षभर लटकते, खात्याच्या मागण्या हिवाळ्यातच पक्क्या होतात, हे समजल्यावर बाईंचं पत्र गणपती संपले की यायला लागलं. पुनर्रोपणाचे कार्यादेश दोन पावसाळ्यांत वेळेवर निघाले. तिसऱ्या वर्षी अधिकारी बदलले आणि पुन्हा एप्रिल उजाडला.

याच ठिकाणी मला आणखी एक गोष्ट कळली, जी मी आधी उलटी धरली होती. मला वाटायचं आम्ही कायमचे आणि ही मंडळी पाहुणी. बदल्यांच्या २००५ च्या कायद्याने शासकीय अधिकाऱ्याचा एका जागी साधारण कार्यकाळ तीन वर्षांचा धरला आहे, आयुक्त तर आमच्याकडे त्याच्या आतच जायचे. नवा साहेब आला की शहर त्याला नकाशावर दिसतं. कुठल्या चौकातला वड कधी पोखरला गेला, कुठल्या शाळेच्या आवारात हलवलेली झाडं जगली, हे त्या बाईंच्या वहीत होतं. पाहुणे आम्ही होतो. मात्र त्यांची मुदत संपली की तीही वही घरी जायची. जुन्या सदस्यांनी नव्यांना काही सोपवण्याची सोय आमच्याकडे कधी केली गेली नाही, मीही केली नाही.

मी अजून सेवेत असताना, २०१८ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाने मुंबई महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाच्या कामकाजाला स्थगिती दिली, कारण त्यात तज्ज्ञ सदस्यच नव्हते. नंतर तज्ज्ञ नेमले गेले. ऑगस्ट २०१९ मध्ये आरेतल्या मेट्रो कारशेडचा २,६४६ झाडांचा प्रस्ताव त्या प्राधिकरणात मंजूर झाला आणि लगेच त्यातल्या दोन तज्ज्ञांनी राजीनामे दिले. आमच्या कार्यालयात त्या बातमीवर थट्टा झाली, 'हौशी मंडळी' हा शब्द पुन्हा निघाला. मी हसलो नाही, एवढंच. बोललोही नाही.

निवृत्तीनंतर शेरी अर्नस्टाइन या अमेरिकन बाईंच्या १९६९ च्या लेखाबद्दल वाचलं. नागरिकांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी त्यांनी मांडली आहे. शिक्का मारण्यापुरत्या सल्लागार समित्या त्यांनी सर्वात खालच्या पायरीवर बसवल्या आहेत; समिती नसणं तिथे खालचं नाही, दिखाऊ समिती खालची. वाचताना मला आमची तीनची सभा दिसली.

एवढं सगळं लिहिलं म्हणून सगळेच स्वयंसेवक मला आता थोर वाटतात असं नाही. गाडीवर पाटी लावणारे आजही असतील. नेमणुका अजून ओळखीपाळखीने होतात, जाहिरात देऊन अर्ज मागवल्याचं मी आमच्याकडे पाहिलं नाही. आणि बाईंच्या यादीत बंगल्यांच्या भागातली झाडं जितकी होती तितकी वस्त्यांमधली नव्हती. हे मी त्यांना एकदा बोलून दाखवलं, तेव्हा त्यांनी ते मान्य केलं आणि वस्तीतला कुणी सदस्य का नाही, असं मलाच विचारलं. दुपारी तीनची वेळ मी संध्याकाळी सहावर नेऊ शकलो नाही. कर्मचाऱ्यांचा विरोध होता, आणि खरं सांगायचं तर मलाही साडेपाचची गाडी पकडायची असायची.

तुमच्यापैकी कुणी आपल्या गावातल्या अशा समितीवर असाल, तर एक विनंती. सभेत किती चांगलं बोललात यावर समाधान मानू नका. दोन दिवसांनी संबंधित लिपिकाकडे जा, इतिवृत्ताचा मसुदा मागा, तुमची सूचना तुमच्या नावानिशी त्यात आहे का ते पाहा. नसेल तर लेखी पत्र द्या, आवक क्रमांक घ्या आणि पुढची सभा सुरू होताच त्या क्रमांकाचं काय झालं ते विचारा. लिपिक वैतागेल. विचारत राहा.